व्यापारांतील दूरदृष्टि

पुढें काय होणार हें जाणण्याची इच्छा मनुष्यमात्राला आहे. परंतु व्यापारी माणसाला ती केवळ इच्छा नसून गरज आहे. जो परक्याचें भांडवल घेऊन वीस वर्षें चालणारा कारखाना उभारतो, त्याला वीस वर्षांनंतरच्या जगाविषयीं कांहींतरी गृहीत धरावेंच लागतें. तें गृहीत चुकलें, तर तो एकटा बुडत नाहीं. त्याच्या मागें शेंकडों संसार बुडतात.

मुंबई शहरानें हा धडा १८६५ सालीं घेतला. १८६१ सालीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला सोन्याचें मोल आलें. मुंबईंत पैशाचा पूर लोटला. समुद्र हटवून जमीन काढण्याच्या, पतपेढ्यांच्या, नाना तऱ्हेच्या कंपन्या निघाल्या आणि त्यांच्या शेअरांच्या किंमती आकाशाला भिडल्या. एप्रिल १८६५ मध्यें युद्ध संपलें आणि कापसाबरोबर सारा डोलारा कोसळला. बँक ऑफ बाँबेसारखी मातबर पेढीहि १८६८ सालीं बंद करावी लागली. युद्ध केव्हां संपेल हें कोणालाच सांगतां आलें नसतें, हें खरें. पण तें केव्हांतरी संपणार, हें शाळकरी मुलालाहि कळत होतें. जें अनिश्चित होतें त्यावर लोकांनीं पैसा लावला आणि जें निश्चित होतें त्याकडे पाठ फिरविली.

निश्चित आणि अनिश्चित यांची ही फारकत पद्धतशीरपणें करण्याचा प्रयत्न दुसऱ्या महायुद्धानंतर सुरू झाला. फ्रान्समध्यें गास्तों बेर्जे या तत्त्वचिंतकानें १९५७ सालीं पॅरिस येथें भविष्यविचाराचें एक केंद्र स्थापन केलें. अमेरिकेंत रँड या संस्थेंतील हर्मन कान हा अणुयुद्धाचा विचार करीत होता. अशा युद्धाला पूर्वीचा दाखला नव्हता, म्हणून एका घटनेंतून दुसरी घटना कशी उद्भवेल याचीं कथानकें तो रचूं लागला. नाटक-चित्रपटांच्या धंद्यांतील 'सीनॅरिओ' हा शब्द त्यांना मिळाला. मराठींत त्यांना भविष्यचित्रें म्हणतां येईल. हें साधन व्यापारांत आणून नांवारूपाला चढविण्याचें श्रेय मुख्यतः रॉयल डच शेल या इंग्रज-डच तेल-कंपनीकडे जातें.

१९६५ सालीं या कंपनीनें नियोजनाची एक प्रचंड यंत्रणा उभी केली. जमिनींतून तेल उपसण्यापासून तें पंपावर विकलें जाईपर्यंतच्या सर्व व्यवहाराचे पुढील सहा वर्षांचे आंकडे गणकयंत्राच्या साहाय्यानें तींत मांडले जात. आंकडे चोख होते. दोष होता तो त्यांच्या मुळाशीं असलेल्या समजुतींत. युद्धोत्तर काळांत तेलाची मागणी दहा वर्षांत दुप्पट होत आली होती. ती तशीच वाढत राहील असें धरून कागदावरची रेघ पुढें ओढण्यांत येई. लंडनच्या कचेरींतील टेड न्यूलँड यांना या सरळ रेघेविषयीं शंका होती. १९७१ सालीं फ्रान्समधील शाखेंतून पिएर वाक हे अर्थशास्त्रज्ञ तेथें आले आणि त्या शंकेला शास्त्राचें रूप मिळालें.

वाक हे १९२२ सालीं जन्मलेले फ्रेंच गृहस्थ. भारत व जपान या देशांच्या अध्यात्मविचाराची त्यांना ओढ होती. पुढें १९८५ सालीं आपल्या पद्धतीचें मर्म सांगतांना त्यांनीं दृष्टांत घेतला तो गंगेचा. गंगेच्या उगमाकडच्या डोंगरांत मुसळधार पाऊस पडला, कीं दोन दिवसांनीं ऋषिकेशला, मग अलाहाबादेला आणि त्यानंतर काशीला पूर येणार, हें खात्रीनें सांगतां येतें. हें ज्योतिष नव्हे. पाऊस पडून गेला आहे, त्याचें पाणी खालीं पोंचावयाचें आहे, एवढेंच. भविष्यांतील कांहीं गोष्टी अशा पडून गेलेल्या पावसासारख्या असतात. त्या आधीं ओळखाव्या, आणि जें खरोखर अनिश्चित आहे त्याचीं दोन-तीन निरनिराळीं चित्रें रेखाटावीं, असा त्यांचा क्रम होता.

तेलाच्या धंद्यांत पाऊस कोठें पडला होता? अमेरिकेचें तेल-उत्पादन १९७० सालीं शिखराला पोंचून उतरूं लागलें होतें. म्हणजे तो देश आतां बाहेरून अधिकाधिक तेल मागणार. मध्यपूर्वेंतील देश आपल्या तेलाचे धनी बनूं पाहत होते. सौदी अरेबियासारख्या विरळ वस्तीच्या देशाला हातीं येणारा सारा पैसा खर्चणेंहि शक्य नव्हतें. मग बँकेंत पडून मोल गमावणाऱ्या पैशापेक्षां जमिनीखालचें तेल बरें, असें त्याच्या राज्यकर्त्यांना कां वाटूं नये? १९७१ च्या तेहरान करारानें किंमती १९७५ पर्यंत बांधल्या होत्या. तो करार मुदतीआधींच मोडणार, असा या विचाराचा निष्कर्ष होता.

हें सर्व सप्टेंबर १९७२ मध्यें कंपनीच्या सर्वोच्च चालकांपुढें मांडण्यांत आलें. वाक यांनीं येथें मोठी चतुराई केली. पूर्वींचें सुखाचें चित्रहि त्यांनीं मांडलें. पण तें खरें ठरावयास किती चमत्कार घडावे लागतील, तेंहि शेजारींच दाखविलें. तेलाचे अफाट नवे साठे सांपडले पाहिजेत, धनी देशांनीं आपला ठेवा आनंदानें उपसूं दिला पाहिजे, आणि मध्यंतरीं युद्ध किंवा अपघात होतां कामा नये. एक चमत्कार मनुष्य मानील. एकामागून एक सारेच मानणें जड जातें.

६ ऑक्टोबर १९७३ रोजीं इस्रायल व अरब राष्ट्रें यांचें युद्ध जुंपलें. सुमारें तीन डॉलर असलेली तेलाच्या पिंपाची किंमत १ जानेवारी १९७४ पर्यंत ११.६५ डॉलरांवर गेली. हें युद्ध त्या तारखेस होईल असें वाक यांनीं कधींच म्हटलें नव्हतें. परंतु किंमत उसळली तेव्हां ही तात्पुरती अडचण नसून काळच बदलला आहे, हें शेलच्या चालकांना इतरांपेक्षां लवकर उमगलें. मागणीची वाढ मंदावल्यावर जगांतील असंख्य तेलवाहू जहाजें रिकामीं नांगरून पडलीं.

तथापि या कथेला दुसरी बाजूहि आहे. इतकें स्पष्ट चित्र पुढें ठेवूनहि कंपनीच्या बहुसंख्य विभागांनीं प्रथम आपला कारभार बदलला नाहीं, अशी कबुली खुद्द वाक यांनींच दिली आहे. अधिकाऱ्यांनीं चित्र पाहिलें, वाखाणलें आणि ते जुन्याच कामाला लागले. ज्यानें आयुष्यभर कारखाने वाढविण्यांत यश मिळविलें, त्याला वाढ थांबवा असें सांगणें म्हणजे त्याचें सारें शहाणपणच नाकारण्यासारखें होतें. म्हणून भविष्यचित्रांचें खरें कार्य कागदावर नव्हे, तर निर्णय घेणाऱ्याच्या मनांत व्हावें लागतें, असा वाक यांचा आग्रह राहिला. ते १९९७ सालीं निवर्तले.

याच शेल कंपनीनें १९९१ सालीं 'क्लायमेट ऑफ कन्सर्न' नांवाचा चित्रपट काढून, कोळसा व तेल जाळल्यानें पृथ्वीचें हवामान बदलत आहे, असा इशारा जगाला दिला. इशारा अचूक होता. तेल विकण्याचा धंदा मात्र चालूच राहिला. ज्या घरांतून गंगेचा दृष्टांत निघाला, त्या घरालाहि तो पुरता आचरतां आला नाहीं.

यावरून दूरदृष्टि व्यर्थ ठरत नाहीं. तिची मर्यादा तेवढी कळते. १८६५ सालच्या मुंबईकरांना युद्ध संपणार हें ठाऊक नव्हतें असें नाहीं. तें मानणें त्यांना परवडत नव्हतें. डोंगरांत पाऊस पडल्याची वार्ता काशीला पोंचविणें हें विद्येचें काम आहे. ती वार्ता ऐकून घाटावरचें बिऱ्हाड वेळींच हलविणें हें विद्येचें नव्हे, धैर्याचें काम आहे. आणि तें ज्याचें त्यानेंच करावें लागतें.