बांध तोंडपाठ होता

एडी कोइकी माबो हा माळी होता. ऑस्ट्रेलियातल्या टाउन्सव्हिलच्या विद्यापीठात झाडांना पाणी घालायचा. त्याआधी ऊस तोडला, रेल्वेच्या रुळांवर राबला. मी साच्यावर उभा राहणारा माणूस. राजे-सरदारांपेक्षा या गड्याचा इतिहास मला जवळचा वाटतो.

जन्म १९३६ चा, टॉरेस सामुद्रधुनीतल्या मेर बेटावरचा. आई लवकर गेली. मामानं, बेनी माबोनं, बेटाच्या रीतीप्रमाणे त्याला आपला मुलगा म्हणून वाढवलं. मेरवर ज्याची त्याची बाग ठरलेली, बांध ठरलेला. दुसऱ्याच्या बांधात पाय टाकायचा नाही, हा मालो देवाचा कायदा. सातबारा नव्हता. बाप पोराला हद्द दाखवायचा, तोच उतारा.

१८७९ साली क्वीन्सलँडनं हे बेट आपल्या राज्यात घातलं. पुढं १९७४ च्या सुमारास हेन्री रेनॉल्ड्स आणि नोएल लूस या इतिहासाच्या प्राध्यापकांशी जेवताना माबो आपल्या जमिनीविषयी बोलत होता. ते म्हणाले, कायद्यानं ती तुझी नाही, सरकारची आहे. माबोला खरंच वाटेना. गोऱ्यांचा कायदा धरून चालला होता, की ते आले तेव्हा ही भूमी कुणाचीच नव्हती. म्हणजे पिढ्यान् पिढ्या तिथं नांदलेली माणसं हिशेबातच नाहीत! मित्रांनो, ही भाषा आपल्या ओळखीची आहे.

माबो रडत बसला नाही. काळ्या पोरांसाठी त्यानं १९७३ मध्येच शाळा काढली होती. गोऱ्या पंडितांनी आपल्या बेटाविषयी काय लिहून ठेवलंय, ते तो ग्रंथालयात बसून वाचायचा. २० मे १९८२ ला पाच जणांनी मिळून खटला भरला. खटलाच मारायला क्वीन्सलँडनं १९८५ ला कायदा केला. देशाच्या सर्वात वरच्या कोर्टानं तो १९८८ ला उडवला.

आणि मग घाव बसला. पुरावा तपासणाऱ्या न्यायाधीशानं १९९० मध्ये माबोचा स्वतःचा वारसाहक्कच मानला नाही. त्याच्या सोबत्यांचे, डेव्हिड पासी आणि जेम्स राइस यांचे दावे टिकले. त्यांच्यावर खटला पुढं गेला. २१ जानेवारी १९९२ ला माबो कॅन्सरनं मेला. ३ जूनला निकाल लागला, सहा विरुद्ध एक. मेरच्या लोकांचा जमिनीवरचा हक्क कोर्टानं मान्य केला. 'कुणाचीच नसलेली भूमी' हे थोतांड गेलं. सरकारनं आधीच दुसऱ्यांच्या मालकीच्या करून टाकलेल्या जमिनी मात्र देशभरात कुणाला परत मिळाल्या नाहीत. विजय अर्धाच होता.

१९९५ मध्ये टाउन्सव्हिलला त्याच्या थडग्याचा दगड उघडला आणि लगेच कुणीतरी त्यावर नाझींची चिन्हं आणि शिव्या रंगवल्या. घरच्यांनी त्याला मेरला नेऊन पुरलं. मेलेल्या माळ्याचीही त्यांना भीती वाटली, यावरूनच त्याची उंची मोजा.

ज्या माणसाचा वारसा कोर्टानं नाकारला, त्याच्याच नावानं तो निकाल आज ओळखला जातो. कारण तोंडी चालत आलेली आठवण त्यानं पुराव्याच्या पिंजऱ्यात उभी केली. आपल्या म्हाताऱ्या-कोताऱ्यांनाही विचारा. कुठली जमीन कुणी कसली, कुणी बळकावली, ते सालासकट लिहून घ्या. त्यांच्याबरोबर बांधही मातीत जायच्या आत.