निस्ताराचं लाकूड, घरकुलाचा हप्ता

घर कितीला पडलं, असं विचारलं की माझे आजोबा, आबाजी, रुपये सांगतच नसत. "पैसा कोन पायला गा? धानावरच घर उभा झाला," एवढंच बोलत. साकोलीच्या पलीकडचं आमचं मातीचं घर त्यांनी मालगुजारीच्या शेवटच्या काळात बांधलं.

लाकूड निस्तारातलं. घरासाठी, नांगरासाठी, सरपणासाठी गावच्या जंगलातून लाकूड आणण्याचा गावकऱ्यांचा रिवाज म्हणजे निस्तार. पण जंगल मालगुजाराचं, म्हणजे गावचा सारा भरणाऱ्या मालकाचं; त्याची मर्जी राखल्याशिवाय बैलबंडी बाहेर निघत नसे. सागाला हात लावायचा नाही, येनाचे खांब नि बांबू तेवढे न्यायचे. बदल्यात त्याच्या बांधीत, म्हणजे भातखाचरात, फुकट रोवणा, म्हणजे भाताची लावणी. आबाजी हे हसत सांगत. आजी हसत नसे, रोवणा तिनंच केला होता.

माती उन्हाळ्यात आटलेल्या तलावाच्या पोटातली. आज आपण ज्यांना मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव म्हणतो, त्यातलाच तो एक. मातीत तणस घालून ती रात्रभर मुरवायची, सकाळी पायांनी तुडवायची. हातभर थर चढवला की वाळू द्यायचा. घाई केली की भिंत पोट काढते. कवेलू कुंभाराकडून, तेही धान देऊन. दरवर्षी पावसाळ्याआधी ते फेरावे लागत, हा खर्च कुणी धरतच नाही.

मग कोठीतलं धान संपलं आणि आबाजींनी सावकाराकडून सवाईची वाढी काढली. वीस कुड्यांची खंडी उचलायची, हंगामाला पंचवीस कुडो भरायचे. त्या साली पावसानं दगा दिला, वाढीवर वाढी चढली. घर राहिलं, तलावाखालची एक बांधी मात्र सावकाराकडे गेली. जुनी माणसं बिनकर्जाची घरं बांधायची, असं कौतुक करणाऱ्यांना मी ही बांधी सांगतो.

धाकट्या चुलत्यांचं घरकुल प्रधानमंत्री आवास योजनेतून झालं. 2016 पासूनच्या या योजनेत सपाटीच्या भागाला 1,20,000 रुपये, रोजगार हमीतून 90 दिवसांची मजुरी, शौचालयाचे 12,000. घर किमान 25 चौरस मीटरचं. 2025 मध्ये राज्य सरकारनं यात 50,000 ची भर घातली. पैसा हप्त्यांनी येतो: आधी जोतं उभं करा, मोबाईलवर फोटो चढू द्या, मग पुढचा हप्ता. म्हणजे जोत्यापर्यंतची गिट्टी, सिमेंट, सळाख आधी कुणीतरी उधार द्यायला हवी. काकूंनी बचत गटातून उचल केली, बाकी दुकानदाराच्या वहीत चढलं. स्लॅब पडला त्या दिवशी काका म्हणाले, "वाढी गेली नाही गा, दुकान बदललं."

तरी मला ही पद्धत जुन्यापेक्षा बरी वाटते. पैसा खात्यात येतो, कुणाच्या बांधीत फुकट राबावं लागत नाही.

पण निस्तारानं पाठ सोडलेली नाही. मालगुजारी 31 मार्च 1951 ला गेली, तिची जंगलं सरकारकडे आली. गावाच्या वापरातल्या कितीतरी पडीक, झुडपाळ जमिनी कागदावर 'झुडपी जंगल' म्हणून राहिल्या. भंडाऱ्यासह पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांत हा प्रश्न आहे. सर्वोच्च न्यायालयानं 22 मे 2025 ला या जमिनी वनजमिनीच असल्याचं सांगितलं. 1996 आधीच्या वाटपांना नियमित करण्याची वाट मात्र ठेवली. आमच्या टोलीवरच्या एका कुटुंबाचं घरकुल 'झुडपी जंगल' या एका नोंदीपायी अडून बसलं. ज्या जागेतून त्यांच्या आज्यानं घराचं लाकूड आणलं, त्याच जागेवर नातवाला घर बांधता येईना.

म्हणून घर काढणाऱ्यांना एकच सांगणं. मिस्त्री ठरवण्याआधी, कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी, तलाठ्याकडे जा. सातबारा पाहा, आणि त्याबरोबर गावच्या वापराच्या जमिनींची नोंद असलेलं निस्तार पत्रकही मागून घ्या.