जांगल देशातील अम्लपित्त : बारामती-इंदापूर परिसराच्या संदर्भात एका रोगकल्पनेचा इतिहास

बारामती व इंदापूर तालुक्यांत, किंबहुना सर्व महाराष्ट्रात, ‘पित्त झाले’ हा शब्दप्रयोग निदान तीन निरनिराळ्या तक्रारींसाठी रूढ आहे. अंगावर गांधी उठल्या तरी पित्त, डोके दुखून उलटी झाली तरी पित्त, आणि छातीत जळजळ होऊन आंबट पाणी घशाशी आले तरी पित्तच. यांपैकी तिसऱ्या तक्रारीस शास्त्रग्रंथांत अम्लपित्त हे स्वतंत्र नाव आहे. हे नाव कसे स्थिर झाले व त्याच्या उपचारांची परंपरा कशी बदलत गेली, याचा विचार केवळ ग्रंथेतिहासाचा नाही; एकाच शब्दाखाली अनेक विकार झाकले गेल्याने रोग्याचे नुकसान होते, म्हणून तो आवश्यक ठरतो.

चरकसंहितेत अम्लपित्ताचा उल्लेख येतो. परंतु त्यास स्वतंत्र अध्याय नाही. तो काश्यपसंहितेच्या खिलस्थानात आढळतो. नेपाळात उपलब्ध झालेल्या खंडित पोथीवरून ही संहिता मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यात १९३८ साली छापली गेली. माधवनिदानात अन्न न पचणे, मळमळ, कडू-आंबट ढेकर, जडपणा, अरुची आणि हृदय व कंठ या ठिकाणी होणारा दाह अशी लक्षणे दिली असून ऊर्ध्वग व अधोग असे दोन भेद सांगितले आहेत. नवा विकार यत्नाने बरा होतो, जुना मात्र ‘याप्य’, म्हणजे पथ्य व औषध चालू असेतोवर आटोक्यात राहणारा, असा त्याचा निर्णय आहे. आजच्या वैद्यकाचा अनुभव याहून फारसा निराळा नाही.

काश्यपसंहितेतील एक विधान या प्रदेशाच्या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. हा विकार बहुधा आनूप, म्हणजे जलबहुल व दमट, देशात होतो. त्यावर जांगल देशातील आहार-औषधांची योजना करावी. आणि तरीही तो न शमल्यास देशांतर करावे, असा त्यातील उपदेश आहे. नीरा व भीमा या नद्यांमधील बारामती-इंदापूरचा टापू हा मूळचा जांगल देशच होय. पाऊस अल्प, झाडी विरळ, ज्वारी-बाजरी हे मुख्य अन्न, आणि दुष्काळ पाचवीला पुजलेला. बारामती ज्यात मोडत असे त्या तत्कालीन भीमथडी तालुक्याचे व इंदापूरचे हे रूप १८७६–७७ च्या दुष्काळानंतर पालटू लागले. दुष्काळी काम म्हणून हाती घेतलेला नीरेचा डावा कालवा १८८५ च्या सुमारास वाहू लागला. पुढे ऊस आला. १९३० नंतरच्या दशकात वालचंदनगर वसले, आणि स्वातंत्र्योत्तर काळात माळेगाव व भवानीनगर येथे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. उजनी धरणाने भीमाकाठही जलमय केला. जांगल देशाचा काही भाग अशा रीतीने आनूप झाला.

तथापि या बदलावरून कालव्याच्या पाण्याने अम्लपित्त होते, असे अनुमान काढणे योग्य नव्हे. प्राचीनांच्या ‘देश’ या कल्पनेत केवळ हवापाणी नसून त्या हवापाण्याने घडणारे राहणीमानही अंतर्भूत होते, असे मानल्यास त्या विधानाचा अर्थ अधिक स्पष्ट होतो. पाण्याबरोबर गोडधोड, तळीव पदार्थ व वारंवार चहा आला. कारखान्याच्या रात्रपाळ्या आणि उसाला पाणी देण्याच्या रात्रीच्या पाळ्या आल्या. अवेळी जेवून लगेच आडवे होणे, वाढते वजन, तंबाखू व मिश्री ही कारणे कोणत्याही देशात सारखीच बाधक आहेत.

पाश्चात्त्य वैद्यकातही या विकाराची ओळख उशिरा पटली. जठररसात हायड्रोक्लोरिक आम्ल असते, हे विल्यम प्राऊट यांनी १८२४ साली प्रसिद्ध केले. परंतु तो रस अन्ननलिकेत उलट चढून तिला दाहयुक्त करतो, ही कल्पना १९३५ साली न्यूयॉर्क येथील ॲशर विंकेलस्टाइन यांच्या लेखाने पुढे आली. जठराच्या मुखाशी असलेली स्नायूंची चुंबळ सैल पडली की आम्ल वर येते. जठराच्या अस्तरास असलेले संरक्षण अन्ननलिकेस तेवढे नसते, म्हणून जळजळ होते. यकृतात तयार होणारे पित्त या आम्लाहून भिन्न आहे. रुडॉल्फ निसेन यांनी १९५६ मध्ये जठराचा वरचा भाग अन्ननलिकेभोवती गुंडाळण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. १९७६ मध्ये सिमेटिडीन व १९८८ मध्ये ओमेप्राझोल ही आम्लस्राव रोखणारी औषधे बाजारात आली.

दोन्ही परंपरांचा मेळ काही ठिकाणी सहज बसतो. शंख-प्रवाळाची भस्मे चुन्याच्या क्षारांची असल्याने ती आम्लाचे शमन करतात. योगरत्नाकरातील सूतशेखर महाराष्ट्रात सर्वपरिचित आहे. परंतु त्यात पारा, ताम्र व बचनाग असल्याने तो वैद्याच्या सल्ल्यावाचून घेण्याचा पदार्थ नव्हे. याहून मोठा गैरसमज वमनाविषयी आहे. शास्त्रोक्त वमन हे स्नेहन-स्वेदनानंतर वैद्याच्या देखरेखीखाली करावयाचे कर्म आहे. रोज सकाळी घशात बोटे घालून ‘पित्त काढण्याची’ सवय हा त्याचा अपभ्रंश होय. तिने दात झिजतात व अन्ननलिकेस इजा होते.

आजच्या उपचारांचा क्रम साधा आहे. निजण्यापूर्वी दोन-तीन तास आधी जेवावे, पलंगाची उशाकडील बाजू वीतभर उंच करावी, वजन व तंबाखू यांस आवर घालावा. एवढ्याने न भागल्यास आम्लशामक औषध आणि त्यानंतर वैद्यकीय सल्ल्याने आम्लस्राव रोखणारी गोळी घ्यावी. ही गोळी बहुधा सकाळी न्याहारीपूर्वी अर्धा तास व काही आठवडेच घ्यावयाची असते. वर्षानुवर्षे मनाने घेत राहणे अयोग्य. शस्त्रक्रिया निवडक रोग्यांपुरतीच आहे.

घास अडकणे, रक्ताची उलटी, काळे शौच किंवा अकारण वजन घटणे ही लक्षणे असल्यास दुर्बिणीची तपासणी टाळू नये. छातीतील वेदनेबरोबर घाम येणे, धाप लागणे वा वेदना हाताकडे-जबड्याकडे सरकणे हे हृदयविकाराचे चिन्ह असू शकते. अशा वेळी सोडा पिऊन वाट पाहणे जिवावर बेतते. प्राचीनांनी दाहाचे स्थान सांगताना हृदय व कंठ यांचा एकत्र निर्देश केला. तो दाह कंठाकडचा की हृदयाचा, हे ठरविण्याची साधने आज हाताशी आहेत. प्राचीनांनी सांगितलेले देशांतर प्रत्येकाला शक्य नसते. ‘पित्त’ या एका शब्दावर विसंबण्याची सवय मात्र प्रत्येकाला सोडता येते.