ओंजळभर तांदूळ

महाराष्ट्रातले बहुतेक मुसलमान हनफी धर्मशास्त्र पाळणारे. पनवेल, तळोज्यापासून रत्नागिरीपर्यंतचे कोकणी मुसलमान मात्र शाफई. हा वेगळेपणा समुद्राने आणला. दहाव्या शतकाच्या आरंभी अरब प्रवासी अल-मसूदीने चौल बंदरात सिराफ, ओमान, बसऱ्याहून आलेल्या मुसलमानांची मोठी वस्ती पाहिली होती; १४३१ साली वारलेले माहीमचे मखदूम अली माहिमी हेही शाफईच. या वारशातला सर्वांत माणुसकीचा भाग मला म्हाताऱ्यांच्या आणि कायमच्या आजाऱ्यांच्या रोज्याच्या नियमांत दिसतो. तापामुळे रोजे राहिले तर ते बरे झाल्यावर भरून काढायचे, ती कजा. बरे होण्याची आशाच नसेल तर कुराणातल्या सूरह बकरच्या १८४व्या आयतीच्या आधारे प्रत्येक रोज्यामागे एका गरिबाचे अन्न द्यायचे, तो फिद्या. शाफई माप एक मुद्द, म्हणजे मध्यम बांध्याच्या माणसाची भरलेली ओंजळ. आजच्या हिशेबाने ६०० ते ७५० ग्रॅम. धान्य त्या मुलखाच्या रोजच्या जेवणातले हवे. म्हणून भातावर जगणाऱ्या पनवेलीत फिद्या तांदळाचा. शेर-पायलीने भात मोजणाऱ्या कोकणाला असे माप परके वाटण्याचे कारणच नव्हते.

कुणी म्हणेल, ही तर पैसेवाल्यांची पळवाट. तसे नाही. धडधाकट माणसाने पोतेभर तांदूळ दिले तरी त्याचा रोजा फिटत नाही. उलट, फिद्या दिल्यावर म्हातारा अनपेक्षितपणे सुधारला तर हनफी मतानुसार त्याला कजा करावी लागते. शाफईंच्या प्रबळ मतानुसार लागत नाही. कारण त्याच्यावर रोजा नव्हे, फिद्याच फर्ज होता. माझा सारा मुद्दा इथे टेकतो: ही दुबळ्याला दिलेली सूट नाही, त्याच्या वाट्याची पुरी इबादत आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. १९७० साली नवी मुंबई वसवायला सिडको आली, भातखाचरांवर वसाहती उभ्या राहिल्या. मग तांदूळ कशाला, हनफींप्रमाणे पावणेदोन किलोच्या आतबाहेर गव्हाची किंमत रोख द्यावी. गरिबाला औषध घ्यायचे असेल तर रोकड उपयोगी पडते, हे खरेच. पण शाफई नियम शेतात काय पिकते ते विचारत नाही, ताटात काय असते ते विचारतो, आणि कोकणी घरात आजही तांदळाचीच भाकरी थापली जाते. तेव्हा इन्शुलिन घेणाऱ्या आजोबांना डॉक्टरांनी रोजा मना केला असेल, तर त्यांच्या परस्पर पैसे भरून मोकळे होऊ नका. फिद्याचे तांदूळ त्यांनाच मोजू द्या.