स्मार्ट मीटर (घरगुती वीज)

घरात येणारी वीज मोजून तिची नोंद ठरावीक अंतराने आपणहून वीज कंपनीकडे पाठवणारा, आणि कंपनीकडून आलेला हुकूम पाळून पुरवठा तोडू-जोडूही शकणारा मीटर. महावितरण त्याला ‘टीओडी मीटर’ म्हणते. टीओडी म्हणजे टाइम ऑफ डे, दिवसाच्या वेळेप्रमाणे दर. लोकांच्या बोलण्यात मात्र ‘स्मार्ट’, ‘प्रीपेड’ आणि ‘टीओडी’ ही तिन्ही नावे एकाच डब्याला चिकटली आहेत, आणि बसवून घ्यावा की नको या वादातला निम्मा गोंधळ या नावांचाच आहे. प्रीपेड हा मीटरचा प्रकार नव्हे, पैसे घेण्याची पद्धत आहे. तोच मीटर पोस्टपेडही चालतो, आणि एका पद्धतीवरून दुसरीवर न्यायला कोणाला घरी यावे लागत नाही. म्हणून ‘मीटर कोणता?’ यापेक्षा ‘पैसे आधी की नंतर?’ हा प्रश्न ग्राहकाच्या जास्त कामाचा.

जुन्या मीटरच्या काचेआड ॲल्युमिनियमची चकती फिरायची. तिची जागा इलेक्ट्रॉनिक मीटरने घेतली तेव्हा चकती गेली आणि लाल दिव्याची लुकलुक आली. स्मार्ट मीटर म्हणजे त्याच मीटरला मोबाइलच्या किंवा रेडिओच्या जाळ्यातून बोलणारा भाग आणि आत एक स्विच जोडलेला. भारतात त्यासाठी आयएस १६४४४ हे मानक आहे. पंधरा किंवा तीस मिनिटांचा वापर तो साठवतो आणि महिना पालटला की मध्यरात्रीचा आकडा धरून ठेवतो. रीडिंग घेणारा उशिरा आला, दार बंद होते, म्हणून सरासरी बिल आले, हे भांडण त्यामुळे संपते. ही सोय खरोखर मोठी आहे. विरोधकही ती सहसा नाकारत नाहीत.

केंद्र सरकारने २०२१ मध्ये वितरण क्षेत्रासाठी मंजूर केलेल्या योजनेत सुमारे २५ कोटी प्रीपेड स्मार्ट मीटरचे लक्ष्य होते. बहुतेक राज्यांना मीटरमागे ९०० रुपये किंवा किमतीच्या १५ टक्के, यांपैकी जे कमी ते अनुदान मिळणार. उरलेली रक्कम खासगी कंत्राटदाराने आधी घालायची आणि वीज कंपनीने ती त्याला महिन्यामहिन्याने फेडायची. ग्राहकाकडून बसवताना पैसे घेत नाहीत, म्हणून मीटर ‘फुकट’. वीज कंपनी फेडीचे पैसे अखेर दरांतूनच उभे करणार, असे महाराष्ट्र वीज ग्राहक संघटनेचे प्रताप होगाडे यांच्यासारखे अभ्यासक सांगत आले आहेत. वीजगळती आणि थकबाकी कमी होऊन तो खर्च निघेल, हा कंपन्यांचा युक्तिवाद. तो खरा ठरतो की नाही हे एका घराच्या बिलावरून कळणारे नाही.

महाराष्ट्रात महावितरणने २०२३ मध्ये सव्वादोन कोटींच्या आसपास मीटरची कंत्राटे दिली. पुढच्या वर्षी मे महिन्यात गुजरातेत वडोदऱ्याला प्रीपेड मीटरविरुद्ध लोक रस्त्यावर आले, आणि महाराष्ट्रातही विरोध वाढला. जून २०२४ मध्ये तेव्हाचे उपमुख्यमंत्री व ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी सामान्य घरगुती ग्राहकांकडे स्मार्ट प्रीपेड मीटर लावणार नाही, असे जाहीर केले. नंतर घरोघरी आला तो पोस्टपेड टीओडी मीटर. डबा तसाच, बिल नेहमीसारखे महिनाअखेर. घोषणा मीटरची होती की पद्धतीची, यावर तेव्हापासून वाद आहे.

नकार देता येतो का? विद्युत कायदा २००३ च्या कलम ५५ नुसार योग्य मीटरशिवाय पुरवठा करता येत नाही, आणि ‘योग्य’ काय हे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे विनियम ठरवतात. त्या विनियमांचा कल २०१९ पासून स्मार्ट मीटरकडे झुकला आहे. ग्राहक संघटना बोट ठेवतात ते कलम ४७(५) वर. प्रीपेड मीटरने वीज घ्यायला तयार असलेल्याकडून सुरक्षा ठेव मागता येणार नाही, असे ते कलम म्हणते. ‘तयार असलेल्या’ म्हणजे मर्जी ग्राहकाची, असा त्यांचा अर्थ. मर्जीचा हा मुद्दा प्रीपेडपुरता वजनदार आहे. पोस्टपेड टीओडी मीटरला नुसते ‘नको’ म्हणण्यासाठी तो फारसा उपयोगी पडत नाही.

नेदरलँड्समध्ये हाच प्रश्न वेगळ्या बाजूने आला. अर्ध्या-अर्ध्या तासाच्या वापरावरून घरात माणसे कधी उठतात, कधी बाहेर पडतात आणि गावाला कधी गेली हे उघड वाचता येते. त्या काळजीपोटी तिथल्या वरिष्ठ सभागृहाने २००९ मध्ये सक्तीचा कायदा अडवला आणि पुढे ग्राहकाला नकाराची मुभा मिळाली. ब्रिटनमध्येही ग्राहक नाही म्हणू शकतो. आपल्याकडे ही नोंद कोण किती काळ ठेवतो, हा प्रश्न बिलाच्या गदारोळात कोणी विचारताना दिसत नाही.

टीओडीचा फायदा घरागणिक बदलतो. १ जुलै २०२५ पासून महावितरणच्या टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांची सवलत सुरू झाली. ज्या घराला सकाळी नऊला कुलूप लागते, तिथे दिवसा फक्त फ्रिज चालतो. तो रोज एक युनिट घेतो असे धरले, तर या आठ तासांत महिन्याला दहा युनिटे, म्हणजे सवलत आठ रुपये. घरी आजी-आजोबा आहेत, वॉशिंग मशीन आणि पाण्याचा पंप दिवसा चालतो, उन्हाळ्यात दुपारी एसी लागतो, अशा घरी तीच युनिटे शंभर झाली तर ८० रुपये. पहाटे साडेपाचला गीझर लावणाऱ्याला या सवलतीचा उपयोग नाही.

मीटर बदलला आणि बिल वाढले, ही सर्वांत जास्त ऐकू येणारी तक्रार. तिची कारणे एकापेक्षा जास्त असतात. वर्षानुवर्षे चाललेली चकती झिजून मंद होते. बारीक वापर ती हलूनही दाखवत नाही. नवा मीटर तो धरतो. बटण बंद न केलेला सेट-टॉप बॉक्स दहा वॉट ओढत असेल, तर महिन्याला सव्वासात युनिटे. दुसरे कारण वाड्यांत आणि चाळींत सापडते. भारतीय इलेक्ट्रॉनिक मीटर, मग तो स्मार्ट असो वा नसो, चोरी पकडण्यासाठी फेज आणि न्यूट्रल दोन्हींतला प्रवाह पाहतो आणि जो जास्त असेल त्यावर युनिटे लावतो. दोन बिऱ्हाडांच्या न्यूट्रल वायरी कधीकाळी कोणा वायरमनने एकत्र बांधल्या असतील, तर शेजाऱ्याची वीज आपल्या नावावर पडू शकते. चकतीच्या मीटरला हे कळत नव्हते. आणि मीटर चुकतच नाही असेही नाही : २०१७ मध्ये नेदरलँड्सच्या ट्वेंटे विद्यापीठाने तपासलेल्या नऊ इलेक्ट्रॉनिक मीटरपैकी पाच, डिमर लावलेल्या दिव्यांसारख्या भारावर प्रत्यक्षापेक्षा पुष्कळ जास्त आकडा दाखवत होते.

शंका घरच्या घरी थोडी तपासता येते. मीटरच्या तोंडावर एका युनिटला दिवा किती वेळा लुकलुकतो तो आकडा छापलेला असतो, बऱ्याचदा ३२००. घरातली सगळी बटणे बंद करावीत, इन्व्हर्टर विसरू नये. तरीही दिवा लुकलुकत राहिला तर गळती आहे किंवा कुठेतरी दुसऱ्याची वायर आली आहे. मग फक्त १००० वॉटची इस्त्री लावून मिनिटभर मोजावे. ती तापून आपणहून बंद व्हायच्या आत. ५३ च्या आसपास लुकलुक झाली पाहिजे, दाब कमी असेल तर थोडी कमी. सत्तर मोजली गेली तर लेखी तक्रार द्यावी. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुधारलेल्या केंद्रीय ग्राहक हक्क नियमांप्रमाणे, रीडिंग वापराशी जुळत नसल्याच्या तक्रारीवर कंपनीने पाच दिवसांत दुसरा पडताळणी मीटर लावायचा असतो आणि तो किमान तीन महिने ठेवायचा असतो. पुढची पायरी ग्राहक तक्रार निवारण मंच, त्यानंतर विद्युत लोकपाल.

मंजूर भाराचीही भीती अनेकांना असते : गीझर आणि एसी एकदम चालल्याचे मीटर सांगेल आणि दंड होईल. मीटर बसण्यापूर्वीच्या काळासाठी नव्या मीटरने नोंदलेल्या कमाल मागणीवरून दंड लावता येत नाही, असे याच ग्राहक हक्क नियमांच्या २०२३ च्या सुधारणेत आहे. पुढेही आर्थिक वर्षात निदान तीनदा भार ओलांडला तरच मंजूर भार वाढवला जातो. पण तो वाढला की स्थिर आकारही वाढू शकतो.

बदलाच्या दिवशी घरात कोणीतरी असावे. वायरमन जुना मीटर उतरवण्याआधी त्याचा शेवटचा आकडा आणि क्रमांक, आणि नव्याचा पहिला आकडा व क्रमांक, यांचे मोबाइलवर फोटो घ्यावेत. मीटर बदलल्याच्या कागदावर हेच चार आकडे आहेत का ते पाहूनच सही करावी. बदलानंतरच्या पहिल्या बिलात जुन्या आणि नव्या मीटरची युनिटे वेगवेगळी दाखवून बेरीज केलेली असते, आणि जुन्याचा शेवटचा आकडा चुकीचा चढतो तो याच बिलात.