गोचीड, हौद आणि पंप

यवतमाळ जिल्ह्यांतील कळंब चिंतामणीच्या देवळामुळें सर्वांस परिचित आहे. पण भोंवतालच्या कपाशीच्या मुलखांत संसाराचा भार पिढ्यान् पिढ्या बैलजोडीच्या मानेवर राहिला. पोळ्याला बैल धुतांना धन्याचा हात कानामागें, शेपटीखालीं गोचीड शोधी. बोटांनीं तो वेंचणें व कडूनिंबाचें वा करंजीचें तेल चोळणें, हीच उपचाराची जुनी रीत होय.

हें काम क्षुल्लक नव्हे, हें १८९३ सालीं कळलें. अमेरिकेंतील थिओबाल्ड स्मिथ व किलबोर्न यांनीं गुरांचा टेक्सास ताप गोचिडामार्फत पसरतो असें दाखविलें. मग तेथें व ऑस्ट्रेलियांत हौद बांधून सोमलाच्या पाण्यांतून कळपच्या कळप पोहवीत नेले जाऊं लागले. उपाय नामी खरा, पण हजारों गुरांच्या धन्याला साजेसा! द्रव सौम्य झाला तर गोचीड जगे, तीव्र झाला तर कातडी भाजे. तो वारंवार तपासावा लागे. दोन बैल व एक गाय असलेल्या शेतकऱ्यानें हौद कशासाठीं बांधावा?

त्याच्या वांट्याला आला तो फवारणीचा पंप. डेल्टामेथ्रिन किंवा अमिट्राझ पाण्यांत मिसळून मारतां येतें. मात्र कान व कास कोरडीं राहिलीं कीं श्रम वायां जातात. पाठीच्या कण्यावर ओळीनें ओतावयाचीं औषधेंही निघालीं. १९८१ सालीं गुरांसाठीं बाजारांत आलेलें आयव्हरमेक्टिन कातडीखालीं टोचतात. तें पोटांतील जंतांवरही चालतें. जपानच्या मातींतील सूक्ष्म जीवापासून निघालेल्या या औषधाच्या शोधाला २०१५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. पण दुभत्या गाईला तें टोचूं नये, कारण त्याचा अंश दुधांत उतरतो.

पंपाची किंमत या जिल्ह्यानें २०१७ सालीं मोजली. कपाशीवर कीटकनाशकें फवारतांना शेंकडों लोकांना विषबाधा झाली; विसाहून अधिक दगावले. तें विष पिकावरचें होतें, गुरांवरचें नव्हे. तरी फवारणाऱ्याचें नाक, डोळे आणि घामेजलेलें अंग तेंच! शिवाय कपाशीचाच पंप गोठ्यांत आणला, तर त्यांतील उरलेला अंश बैलाच्या अंगावर पडतो आणि बैल आपलें अंग चाटतो. म्हणून जनावराचा पंप वेगळा असावा, तोंडाला फडकें असावें आणि वाऱ्याकडे पाठ असावी.

एवढें करूनही गोठा विसरून चालत नाहीं. गोचिडाची मादी हजारों अंडीं घालते तीं जनावराच्या अंगावर नव्हे, जमिनींत व भिंतीच्या भेगांत. भेगा तशाच राहिल्या तर कांहीं आठवड्यांत पिलें पुन्हां त्याच पायांवर चढतात.