एकोणचाळीस डॉलरांत वर्षाचं जेवण
१९४५ साली अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज स्टिग्लर यांनी एक रोखठोक प्रश्न घेतला: एका माणसाला वर्षभर धड पोसायला कमीत कमी किती पैसे लागतात? ७७ पदार्थ, कॅलरी धरून नऊ पोषकं आणि १९३९चे भाव. अंदाज बांधत, काटछाट करत ते ३९.९३ डॉलरांवर पोचले. ताटात उरलं ते गव्हाचं पीठ, आटवलेलं डबाबंद दूध, कोबी, पालक आणि वाळवलेला पांढरा घेवडा. घेवडाच वर्षाला २८५ पौंड, म्हणजे रोज साडेतीनशे ग्रॅम! १९४७मध्ये गणितज्ञ जॉर्ज डँटझिग यांच्या, असं किमान उत्तर अचूक शोधणाऱ्या नव्या सिम्प्लेक्स पद्धतीची परीक्षा याच गणितावर झाली. हाताने चालवायच्या यंत्रांवर नऊ कारकुनांचे मिळून १२० दिवस खर्ची पडले आणि उत्तर आलं ३९.६९. स्टिग्लरांचा अंदाज जेमतेम चोवीस सेंटांनी चुकला होता.

असलं जेवण कोण जेवणार, हा आक्षेप रास्तच. पण ते कुणी जेवावं असं स्टिग्लरांनीही म्हटलं नव्हतं. त्यांचा रोख आहारतज्ज्ञांच्या ‘स्वस्त’ आहारांवर होता. त्या आहारांचा खर्च स्टिग्लरांच्या उत्तराच्या दुप्पट-तिप्पट का? कारण त्यांत चव, वैविध्य, रीतभात हे सगळं गुपचूप ‘पोषण’ म्हणून मोजलं जात होतं. गणिताने त्या वरखर्चाला वेगळं नाव दिलं, एवढंच. पण निव्वळ गणिताचा आहार खुद्द डँटझिगांनाही पचला नाही: पुढे याच पद्धतीने वजन उतरवायला निघालेल्या त्यांना संगणकाने पाचशे गॅलन व्हिनेगर सुचवलं, तेव्हा व्हिनेगर यादीतूनच काढून टाकणं भाग पडलं.